पारावरून : बोलायचं कुठं, ठेवायचं कुठं?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारची रात्र, बाहेर बर्फ. पावणेदोनच्या सुमाराला मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर एक निरोप आला. दोन वर्षांपूर्वी आपल्या गावात राहायला आलेल्या एका कुटुंबाचा. मुलाकडे सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेले बाबा झोपेतच गेले होते. खाली मुलानं एकच ओळ लिहिली होती : आता मी काय करायचं असतं?

सकाळपर्यंत त्या निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ किती जणांनी लिहिलं ते मी मोजलं नाही. सगळ्यांनी मनापासूनच लिहिलं होतं. पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. एकानं लिहिलं, ‘याच ग्रुपवर मागे कुणीतरी सगळं सविस्तर टाकलं होतं, वर जाऊन बघा.’ मुलगा पहाटे चार वाजता वर जाऊन बघत बसला. त्याला उकडीच्या मोदकांचे साचे, विमानतळापर्यंत कुणाची गाडी आहे का ही चौकशी आणि मराठी शाळेच्या फीची आठवण एवढं सापडलं.

सात वाजता आपले एक ज्येष्ठ काका बर्फातून गाडी काढून त्या घरी पोचले. हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये १९९८ सालच्या एका ई-मेलची छापील दोन पानं. लिहिणाऱ्या काकू आज हयात नाहीत. स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळी जे जे त्यांना एकटीनं शोधावं लागलं, ते त्यांनी मागाहून मंडळाच्या मेलिंग लिस्टवर क्रमवार लिहून पाठवलं होतं. घरी मृत्यू झाला तर आधी ९११ ला फोन करायचा. पोलीस येतील, प्रश्न विचारतील, त्याला घाबरायचं नाही. मग फ्युनरल होम ठरवायचं. मृत्यूच्या दाखल्याच्या एकदोन नव्हे, दहा तरी प्रमाणित प्रती मागून घ्यायच्या. अंत्यसंस्कार इथे करायचे की देह भारतात न्यायचा, हे भारतातल्या माणसांशी बोलूनच ठरवायचं. न्यायचा असेल तर मूळ पासपोर्ट, मृत्यूचा दाखला, देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला आणि संसर्गजन्य रोग नसल्याचं पत्र घेऊन भारतीय वकिलातीकडे जावं लागतं. नुसत्या अस्थी न्यायच्या असतील तर दहनाचा दाखला जवळ ठेवायचा. आणि या सगळ्याच्या आधी काय, तर घरातल्या बाईला कुणीतरी चहा करून द्यायचा.

त्या पानांवरचे फोन नंबर सगळे बदललेले होते. क्रम मात्र बदललेला नव्हता.

हे आज सांगायचं कारण असं. सप्टेंबरात मंडळाच्या कमिटीसमोर एक प्रस्ताव आला, की मेलिंग लिस्ट बंद करावी. महिन्याला जेमतेम तीन-चार पत्रं येतात, ती चालवायला कुणाला वेळ नाही, सगळे फोनवर आहेतच. काही ज्येष्ठांचा याला विरोध आहे. एकदोघांचं म्हणणं, मंडळाच्या वेबसाइटवर चर्चेसाठी फोरम काढावा. जानेवारीच्या सर्वसाधारण सभेत यावर मतदान आहे. आपलं हे सदर गप्पांचं असलं तरी या वेळी गप्पा कुठं माराव्यात, याच विषयावर बोलू.

मंडळी, हा वाद काही नवा नाही. मी १९९२ च्या ऑगस्टमध्ये दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन इथल्या युनिव्हर्सिटीत आले. तेव्हापासून आपण बोलायची जागा बदलत आलो आहोत. दर वेळी वाद हाच होता, आणि दर वेळी आपण एक प्रश्न विचारायचा विसरलो.

पहिली जागा होती न्यूजग्रुप. लॅबमध्ये रात्री हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन’ उघडायचं आणि वाचत बसायचं. पुढे त्याच दशकात ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ असा आपला स्वतःचा कट्टाही झाला. ही यूजनेट नावाची व्यवस्था १९७९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघाली आणि १९८० मध्ये सुरू झाली. तिची गंमत अशी की तिला मालकच नव्हता. एका युनिव्हर्सिटीचं यंत्र शेजारच्या यंत्राकडून नवी पत्रं उतरवून घ्यायचं, ते पुढच्याला द्यायचं. सुरुवातीला हे काम टेलिफोनवरून आणि बरंचसं रात्री चालायचं, कारण रात्री फोनचे दर कमी. आपणही घरी फोन करायला स्वस्त दराची वेळच बघायचो, तेव्हा हे हिशेबी वागणं मला फार आपलंसं वाटलं.

नवा ग्रुप काढायचा तर रीतसर मतदान व्हायचं. विरोधापेक्षा शंभर मतं जास्त पडली पाहिजेत आणि एकूण मतांत दोनतृतीयांश बाजूनं पाहिजेत, असा नियम होता. आपल्या मंडळाच्या निवडणुकीला एवढी मतं कधी पडली नाहीत!

तिथे मराठी रोमन लिपीत लिहावं लागे. ‘काल’ आणि ‘काळ’ दोन्ही सारखेच दिसत. ‘भात’ आणि ‘भाट’ यांतला फरक वाचणाऱ्यानं ताडायचा. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्समध्ये ट, ड, ण, ळ यांच्यासाठी मोठी अक्षरं वापरायची सोय होती. ती सवय इतकी लागली की आमच्यातले काही जण अजून तसंच टंकतात.

दर सप्टेंबरात युनिव्हर्सिट्यांत नवी मुलं यायची, त्यांना नवी खाती मिळायची, ती काहीबाही लिहायची आणि जुनी मंडळी त्यांना रीत शिकवायची. हे महिनाभर चाले, मग सगळं शांत होई. पुढे १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइननं आपल्या गिऱ्हाइकांना हे दार उघडून दिलं, आणि येणाऱ्यांची संख्या शिकवणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या दोघा वकिलांनी ग्रीन कार्डाच्या लॉटरीची एकच जाहिरात हजारो न्यूजग्रुपांवर चिकटवली. इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या कचऱ्याची गोष्ट सांगताना आजही हे उदाहरण पहिल्या काहींत घेतात. आपल्यासारख्या परक्या देशातल्या माणसांच्या गरजेवरच त्यांचा डोळा होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चावडीला दार नसतं. गावातली माणसं एकमेकांना ओळखत असेपर्यंत त्यानं काही बिघडत नाही. ओळख संपली की जो मोठ्यानं ओरडेल त्याची चावडी होते. आमचंही तसंच झालं. भांडणं वाढली, आणि आम्ही हळूहळू उठून आलो.

उठून आलो ते मेलिंग लिस्टवर. यादीच्या एका पत्त्यावर पत्र टाकायचं, ते सगळ्यांच्या घरी पोचतं. याद्या आपोआप चालवणारा लिस्टसर्व्ह नावाचा प्रोग्रॅम १९८६ साली एरिक थॉमा या पॅरिसमधल्या विद्यार्थ्यानं लिहिला. त्या आधी नावं घालणं-काढणं हातानंच करावं लागे. आपली यादी युनिव्हर्सिटीच्या यंत्रावर एक पीएचडी करणारा मुलगा चालवायचा. साठेक घरं होती. चावडीवर ओरडणारी माणसं इथे एकदम चारचौघांसारखी बोलायला लागली, कारण वाचणारी काकू शनिवारी पॉटलकला समोर भेटणार होती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि काही वर्षांत पुण्या-मुंबईतले भाऊ, मेव्हणे, उत्साही सासरे यादीत आले. इथल्या गणपतीचं वर्णन तिथे वाचलं जाऊ लागलं.

यादीचे तोटेही आम्ही भोगले. उत्तर एकाला द्यायचं आणि जायचं सगळ्यांना. एका गृहस्थांनी बायकोला लिहिलेलं ‘त्यांच्या पुरणपोळीत पुरण शोधावं लागतं’ हे पत्र साठ घरी पोचलं. त्या काकूंनी पुढच्या पाडव्याला त्यांच्या पानात नुसतं पुरण वाढलं. भांडण मिटलं, पण यादी जपून वापरायची असते हे सगळ्यांना कळलं.

तिसरी जागा म्हणजे फोरम. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून मायबोली सुरू केली. तिथलं हितगुज आपल्यातल्या किती जणांनी ऑफिसात चोरून वाचलं असेल! पुढे २००४ मध्ये मनोगत आलं, २००७ मध्ये मिसळपाव आलं. इथे पत्र तुमच्या घरी येत नाही, तुम्हाला तिथे जावं लागतं. पण गेलात की विषयवार मांडून ठेवलेलं असतं. पाककृती एकीकडे, व्हिसा एकीकडे, कविता आणखी कुठं. दोन वर्षांपूर्वीच्या चर्चेत आज भर घालता येते, आणि उशिरा आलेल्याला सुरुवातीपासून वाचता येतं. सुरुवातीला एकेका मराठी साइटचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हं दिसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या कॉम्प्युटरांवर ती सहज दिसायला लागली ती विंडोज एक्सपीच्या काळात. मग आपण देवनागरीत बिनधास्त लिहायला लागलो.

हे बघून आपल्या मंडळानंही एक फोरम काढला होता, हे आज फार कुणाला आठवत नसेल. नावं नोंदवली अकरा जणांनी. लिहिलं तिघांनी, त्यातली एक मी. उरलेल्या जागेत केस उगवायच्या औषधांच्या जाहिराती आल्या. यात चूक कुणाची नव्हती. फोरमला वर्दळ लागते. जगभरची हजारो मराठी माणसं जिथे येतात तिथे रात्री दोन वाजता विचारलेल्या प्रश्नालाही कुणीतरी जागं सापडतं. दीडशे घरांच्या मंडळाचा फोरम म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये चार माणसांनी जेवायला बसण्यासारखं. शिवाय वाड्याला मालक लागतो. भाडं भरणारा, गळकं कौल बदलणारा, भांडणाऱ्यांना दाराबाहेर काढणारा. ती माणसं मोठ्या साइटींना मिळाली, आपल्याला मिळाली नाहीत.

आता विसरलेला प्रश्न. प्रत्येक वेळी आपण बघितलं की कुठं बोलायला सोपं आहे. बोललेलं राहतं कुठं आणि कुणाकडे, हे कधी बघितलं नाही.

आपली यादी चालवणारा मुलगा पीएचडी होऊन कॅलिफोर्नियाला गेला. दोनेक वर्षांनी ते जुनं यंत्र मोडीत निघालं आणि त्याच्यावरची सात वर्षांची पत्रं त्याच्याबरोबर गेली. युनिव्हर्सिटीला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्र त्यांचं होतं, पत्रं आपली होती, आणि ती उतरवून घ्यायची आठवण आपल्यातल्या एकालाही झाली नाही. नंतर यादी एका फुकट सेवेवर गेली, तिथून दुसऱ्या. दर वेळी सभासदांचे पत्ते आपण नेले आणि पत्रं मागे ठेवली. घर बदलताना माणसं गाडीत बसावीत आणि फोटोंची पेटी माळ्यावरच राहावी, तसं झालं.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडलं असंही नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. याहूनं २००० साली ईग्रुप्स विकत घेऊन याहू ग्रुप्स चालवले, जगभरच्या लाखो मंडळांनी तिथे संसार थाटले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकणार असल्याची सूचना आली. १५ डिसेंबर २०२० ला ती सेवाच बंद झाली. गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटची नवी पत्रं घेणं थांबवलं. जुनी तिथे अजून वाचता येतात.

ती जुनी पत्रं मुळात कशी वाचली, तेही ऐकण्यासारखं आहे. टोरांटो युनिव्हर्सिटीच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे गृहस्थ कॉम्प्युटर सांभाळायचे. त्यांनी १९८१ पासून दहा वर्षं यूजनेटची पत्रं मॅग्नेटिक टेपांवर उतरवून ठेवली. एकंदर १४१ टेपा. २००१ च्या डिसेंबरात गूगलनं वीस वर्षांचा यूजनेट संग्रह लोकांसमोर ठेवला, त्यातली सुरुवातीची बरीचशी पत्रं या टेपांवरची होती. व्यवस्थेला मालक नव्हता, पण पत्रांच्या प्रती पुष्कळ यंत्रांवर होत्या, म्हणून एका माणसाला त्या जपता आल्या.

माझ्या मते निवड करताना हाच हिशेब मांडावा : प्रत किती ठिकाणी राहते? न्यूजग्रुपची प्रत शेकडो यंत्रांवर. मेलिंग लिस्टची प्रत प्रत्येक सभासदाच्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये. फोरमची एकच, मालकाच्या घरी. मालक चांगला असेल तर ती वर्षानुवर्षं नीट राहते, मायबोलीनं ते दाखवून दिलं आहे. पण त्याचं दार बंद झालं की सगळं बंद. फोनवरच्या ग्रुपची प्रत प्रत्येकाच्या फोनमध्ये असते खरी, पण फोन बदलला, जागा भरली म्हणून पुसलं, की गेली. आणि आपल्या ग्रुपवर नव्यानं आलेल्याला आधीचं काहीच दिसत नाही. त्या रात्री मुलाला काकूंची पानं मिळाली, कारण मोडीत निघालेल्या यंत्राखेरीज साठ घरी त्यांच्या प्रती गेल्या होत्या आणि त्यातल्या एका घरी ती छापून ठेवायची सवय होती.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळंच ठेवावं असं मी म्हणत नाही. १९९३ साली घाबरलेल्या एखाद्या मुलानं व्हिसाबद्दल नावानिशी विचारलेला प्रश्न आज त्याच्या मुलांना शोधून सापडावा, हे काही बरं नाही. घरातला त्रास, मोडत आलेला संसार, सुटलेली नोकरी या गोष्टी कुठल्याही यादीवर लिहायच्या नसतात. त्यासाठी फोन उचलायचा असतो. बोललेलं विरून जातं ही फोनवरच्या ग्रुपची उणीव आहे, तशी ती सोयही आहे. तीनशे ‘शुभ सकाळ’ जपून ठेवून करायचंय काय!

म्हणून जानेवारीच्या सभेत मी जे मांडणार आहे ते आधीच सांगते. गप्पा, गाड्या, साचे, तिकिटं हे सगळं फोनवर राहू द्या. तिथली मजा कुणी काढून घेऊ नये. मेलिंग लिस्ट बंद करू नका. तिच्यावर महिन्याला तीनच पत्रं येतात ही तिची कमजोरी नाही, ती तीन वाचली जातात. सभेच्या सूचना, निवडणूक, आणि पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल असं प्रत्येक उत्तर तिथे जावं. फुकट सेवेपेक्षा वर्षाला थोडे डॉलर मोजून घेतलेली बरी, आणि खातं मंडळाच्या नावावर असावं, कुणा एकाच्या क्रेडिट कार्डावर नव्हे. दर दिवाळीला सगळी पत्रं उतरवून दोन वेगळ्या घरी ठेवावीत. फोरम आपण काढू नये. जे जगाला विचारायचं ते मोठ्या साइटींवर विचारावं. वेबसाइटवर मात्र वीस-पंचवीस पानांची एक नोंदवही असावी. आई-बाबा आजारी पडले तर, विमा नसेल तर, ड्रायव्हिंग लायसन्स संपलं तर, कुणी गेलं तर. प्रत्येक पानावर तारीख आणि ते कुणी तपासलं त्याचं नाव. किल्ल्या दोघांकडे, त्यातली एक तिशीच्या आतल्या सभासदाकडे.

आणि राहिला कागद. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तो उघडायला आजही पासवर्ड लागत नाही. आपल्या अंकाचंही तसंच आहे. कित्येक घरांत बेसमेंटमधल्या फडताळात जुने सगळे अंक रांगेनं उभे आहेत.

गणपतीत तो सांगलीचा मुलगा भेटला. काकूंची दोन पानं त्यानं पुन्हा टंकली आहेत, मराठीत आणि इंग्रजीत. प्रत्येक नंबरावर स्वतः फोन करून तो तपासला आहे. त्यानं एकच ओळ नवी घातली : ग्रुपवर कळवाच, पण त्याआधी शेजारच्या घराची बेल वाजवा. ते पान या अंकात शेवटी छापलं आहे. कापून फ्रीजवर लावा. त्याची गरज कुणाला न पडो.

दिवाळीच्या शुभेच्छा. सभेला या.